आवाजातली कच

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, माहीत नाही. आमच्या घरात आजवर अर्जापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. संगीत शिकलेलो नाही. गिटार वाजवतो तीही दुसऱ्यांचं पाहून. तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. मला एका आवाजाबद्दल सांगायचं आहे, आणि आवाज कागदावर नीट येत नाही, ही अडचण मला लिहायला बसल्यापासून जाणवते आहे.

तो आवाज माझ्या मामांच्या बेंजोचा. मिरवणुकीत किंवा हळदीत ज्यांनी तो ऐकला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. एक लांबट लाकडी पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आतून निघालेली वायर ॲम्प्लिफायरला, आणि तिथून टेम्पोवरच्या भोंग्याला.

वाशीमकडून आधी बाबा पुण्यात आले, मार्केट यार्डात हमाल झाले. मग मामा-मामी आले. कात्रजच्या आमच्या खोलीत दहा वर्षं आम्ही सगळे एकत्र राहिलो. मामाही यार्डात पोती उचलायचे, पण लग्नसराईत आणि गणपतीत ते एका बेंजो पार्टीचे मुख्य वाजवणारे असत. त्या दिवसांत ते इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि घरात कोणाशी फार बोलायचे नाहीत.

मामांचा एक शब्द होता, कच. भाकरीच्या पिठात वाळूचा कण राहिला तर दाताखाली लागते ती. जेवताना कच लागली की मामा ताट सरकवायचे. बेंजोत मात्र त्यांना ती हवीच असे. म्हणायचे, "गोड आवाज घरात बसून ऐकाले ठीक हाय. रस्त्यावर माणूस वळून पाहिला पाहिजे, तर त्यात कच लागते." त्यासाठी जोडीच्या दोन तारांपैकी एक ते कणभर उतरवून ठेवत. नवीन कोणी ती सुरात लावायला गेला तर त्याच्या हातावर चापट बसे.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते. बारावीत असताना विसर्जनाच्या मिरवणुकीत मी कॉलेजच्या दोन मित्रांबरोबर उभा होतो. मामांची पार्टी समोर आली. त्यांनी टेम्पोवरून मला पाहिलं आणि वाजवता वाजवता ओरडले, "ए भाच्या!" मित्राने विचारलं, "कोण रे?" मी म्हणालो, "कोणी नाही, आमच्या गल्लीतले आहेत." मामा माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. घरी आल्यावर ते नेहमीसारखेच वागले आणि मीही काही बोललो नाही.

पुढच्याच वर्षी त्यांचा खांदा गेला. पोतं उचलता येईना, हात तारांवर फिरेना. डीजे आल्यावर पार्टीही मोडली होती आणि बेंजो पार्टीच्या मालकाबरोबर गेला. मामा-मामी गावी परतले. गावी जाईन म्हणता म्हणता माझी दोन वर्षं परीक्षांत गेली.

दुसऱ्या वर्षाला असताना मी एका सीनियरकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, तिच्याबरोबर छोटा ॲम्प आणि आवाज फाडणारं, पायाने दाबायचं एक पेडल. गिटारीवर बेंजोचा आवाज काढायचा आणि मामांना पाठवायचा, असं मी ठरवलं. त्यांनी "हा माझाच आवाज" असं म्हटलं की मग मी त्या मिरवणुकीबद्दल बोलणार होतो. कोणी विचारेल, बेंजोच का नाही घेतलास? बटणं मला कधी जमली नाहीत. आणि खरं सांगायचं तर बेंजो घेऊन कॉलेजात जायची हिंमत तेव्हाही नव्हती.

वर्गातल्या एका मित्राला टोनमधलं बरंच कळायचं. त्याला म्हटलं, "मला बेंजोचा टोन हवाय." त्याने मोबाइलवर ढोलकीसारख्या गोल तोंडाचं एक परदेशी वाद्य दाखवलं.

"हा नाही. वरातीतला."

"वरातीतला? मग गिटार कशाला घेतलीस भावा, घोडा घ्यायचास."

सगळे हसले, मीही हसलो. पण त्याने मदत केली. तारा खाली जिथे अडकवतात तिथला पिकअप लाव, बेस शून्यावर आण, मिड पूर्ण चढव, इको अगदी आखूड ठेव, हे सगळं त्यानेच शिकवलं. पहिल्या दोन तारा एकाच सुरात लावून त्यातली एक जरा उतरवायची, ही युक्ती मी मामांची वापरली. त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. पण खात्री कशी करायची? मामांच्या वाजवण्याची घरात एकच सीडी होती, माझ्या आत्याच्या लग्नाची. तीत मामा मान हलवून हलवून वाजवताना दिसतात, आणि शूटिंगवाल्याने त्यावर सिनेमातलं गाणं घातलेलं आहे.

म्हणून खात्री एकट्या मामांकडूनच होणार होती. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे मी वाजवलेलं मोबाइलवर पाठवायचो आणि निरोप बोलूनच ठेवायचो. उत्तर मामींच्या आवाजात येई. "मामा म्हनून राहिले, कच कमी हाय." मी फोन केला तरी मामीच बोलत. "त्याईच्या तोंडात तंबाखू हाय, सांग, मी सांगतो."

मी पेडलचं बटण आणखी फिरवलं. आवाज कापड फाटल्यासारखा फर्रर्र झाला. "कच कमी हाय." तारा छेडायची पातळ पिक आणली, तारा बदलल्या. "कच कमी हाय." असं सात-आठ महिने चाललं. शेवटी मी ॲम्प घेऊन पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरमागच्या काकांना विचारलं, स्पीकरच्या पडद्याला थोडं भोक पाडून मिळेल का. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, लोक माझ्याकडे फाटलेला स्पीकर आणतात. आपण फाडून घ्यायला आलात. बाहेरची पाटी वाचलीत ना? दुरुस्ती लिहिलंय."

मी त्यांना भोंग्याबद्दल, मामांबद्दल सांगितलं, मी इंजिनिअरिंगला आहे हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग भोंग्याचा आवाज भोंग्यातून काढा. हे इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत वाटतं."

बाबांना मी हे घरी सांगितलं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "दुपारी यार्डात ये. तुझं सामान घेऊन ये." त्यांच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याचा टेम्पो गाळ्यामागे उभा होता, टपावर भोंगा. ॲम्प्लिफायर चालू केल्यावर आधी "कांदे घ्या, बटाटे घ्या" असं जोरात सुरू झालं आणि पोत्यांवर आडवे झालेले हमाल शिव्या देत उठले. ते बंद करून मी माइकच्या जागी गिटारची वायर लावली. मामा हळदीत वाजवायचे ती चाल सुरू केली.

तो आवाज आला. निदान मला तरी वाटलं की आला. हमाल उठून जवळ आले. बाबांनी चहाचा कप टेम्पोच्या फळीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता भोंग्याकडे बघत राहिले.

"बाबा, हाच ना?"

"मले आवाजातलं काय समजते? मामाले इचार."

मी ते पाठवलं, आणि निरोपात बोललो, "मामा, आता यापुढे मला येत नाही. आणि एक सांगायचं होतं. त्या मिरवणुकीत मी मित्रांना तुम्ही गल्लीतले आहात असं म्हणालो. फार चुकलं." मामांनी होकार दिल्यावरच हे बोलायचं ठरवलं होतं, पण मला धीर राहिला नाही. बोलताना आवाज नीट निघत नव्हता.

तीन दिवसांनी मामींचं उत्तर आलं. "मामा म्हनते, हाच. आता पुरे कर." बाकी काही नव्हतं. माफीबद्दल ते बोलले नाहीत, म्हणजे त्यांनी ती ठेवून घेतली, अशी मी समजूत करून घेतली. कॉलेजच्या गॅदरिंगला मी त्याच आवाजात वाजवलं, आणि "हा माझ्या मामांचा आवाज आहे," असं माइकवर सांगितलंही.

मग एका लग्नासाठी बाबा एकटेच गावी गेले. परत आले ते संध्याकाळी, दारातच बसले आणि चपलाही काढेनात.

"तुझ्या मामाले काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दोन्ही कान गेले. पुण्यात होता तवाच कमी ऐकू येऊन राहिलं होतं. कोणाले सांगितलं नाही त्यानं."

"मग मी पाठवायचो ते?"

"मामी फोन हातात द्याची त्याच्या. तो गालाले लावून बसे. मंग म्हने, कच कमी हाय म्हना त्याले. पोरगं मेहनत करीन."

मी विचारलं, "आणि शेवटचं? हाच म्हणाले ते?"

"ते तिनंच सांगितलं. तुझा आवाज रडल्यावानी वाटला तिले, म्हनून हो म्हनून टाकलं." बाबांनी एक चप्पल काढली. "त्याले ते दाखवलंच नाही. तू त्यात कायची तं माफी मागितली म्हने. ते खुणेनं कसं सांगाव, तिले समजलं नाही."