भीमपूरच्या केंद्रातलं ‘ब्लॉक’ बटण

गेल्या डिसेंबरात, एका सोमवारी, भीमपूरच्या सेवा केंद्रातून गणपत शेंडे यांचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरला गेला. त्याचा ओटीपी, म्हणजे खात्रीसाठी फोनवर येणारा आकडा, त्याच गावच्या मारोती बोबडे यांच्या फोनवर गेला. शेंडे यांनी तहसीलमध्ये तक्रार दिली.

बुधवारी प्रकरण माझ्याकडे आलं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या अशा खासगी केंद्रांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंपनीत मी सपोर्ट इंजिनिअर आहे. मावला गावच्या ऑफिसात मॅनेजर जोशी साहेबांनी फाइल पुढे सरकवली.

“फॉरमॅट मारून या.”

“आधी पाहतो, सर.”

“पाहण्यात दिवस घालवू नका. पुन्हा असं झालं तर केंद्राची आयडी रद्द, असं तहसीलनं कळवलंय.”

आयडी म्हणजे सरकारी पोर्टलवर काम करण्याची परवानगी. ती गेली की केंद्राला कुलूप. फॉरमॅट म्हणजे मशीन पूर्ण पुसून नव्यानं भरणं. त्यानं मशीन साफ होते, पण ती कशामुळे बिघडली हे कळत नाही. आमच्या कामात फॉरमॅट न मारता मशीन उभी करण्याला मान आहे.

केंद्र वंदना काळे चालवतात. गावात त्यांना सगळे वंदनाताई म्हणतात. मी पोचलो तेव्हा बाकावर लोक बसलेले होते आणि वंदनाताईंचा आवाज चढलेला होता.

“मी काऊन दुसऱ्याचा नंबर टाकीन, सर? गणपतभाऊ माह्या चुलतसासऱ्याचे साडू हायेत. लोक तं म्हणून राह्यले, म्या मुद्दाम केलं.”

“रोज भरता तसाच एक अर्ज भरा. मी फक्त पाहतो.”

त्यांनी ब्राउझर उघडला. ब्राउझर म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेटवरची पानं पाहतो तो. आदल्या दिवशीची सगळी पानं एकामागून एक उघडू लागली. मशीन अडखळली. कोपऱ्यात लॉटरीची जाहिरात आली, तिच्या मागोमाग ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी लाल पाटी.

अर्जात त्यांनी गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. खाली एक ओळ आली, तिच्यावर त्यांनी क्लिक केलं. गाव, पिनकोड, नाव, फोन सगळं एका झटक्यात भरलं गेलं. त्यांनी नाव पुसून नवं घातलं. फोन नंबरचा रकाना पानाच्या खाली, नजरेआड होता. त्यात आधीच्या माणसाचाच नंबर राहिला.

“गाव तं सारखंच असते न, सर. एका दमात भरते, म्हणून घेते.”

याला ऑटोफिल म्हणतात. ब्राउझर आधी टाइप केलेला मजकूर लक्षात ठेवतो. घरच्या कॉम्प्युटरवर ती सोय आहे. जिथं गावभरचे अर्ज एकाच मशीनवर भरले जातात, तिथं एकाचा नंबर दुसऱ्याच्या अर्जात जातो. सोमवारी तेच झालं होतं.

तेवढ्यात एका साइटनं विचारलं, सूचना पाठवू का? खाली दोन बटणं होती, अलाउ आणि ब्लॉक. वंदनाताईंनी न वाचता अलाउ दाबलं.

“हे का दाबलं?”

“मंग ब्लॉक दाबू? आन् आयडी ब्लॉक झाली तं?”

एकदा पासवर्ड चुकल्यामुळे त्यांची आयडी ब्लॉक झाली होती. ती उघडून घेण्यासाठी आदिलाबादला खेटे घालावे लागले. तेव्हापासून ज्या बटणावर तो शब्द असेल, ते त्या दाबत नव्हत्या. येईल त्या साइटला त्या परवानगी देत होत्या. लॉटरी आणि लाल पाटी त्या परवानगीनंच येत होत्या.

बाकावरच्या सिंधूबाई म्हणाल्या, “दारात कोनी बी आलं तं ये म्हनते का व तू?”

“तुमच्या दाराले आयडी नसते न, काकू.”

मी सेटिंग उघडल्या. साठवलेले पत्ते आणि नंबर काढून टाकले, ऑटोफिल बंद केलं. सूचना पाठवायच्या सगळ्या परवानग्या रद्द केल्या आणि यापुढे कोणी विचारूच नये असं ठरवून दिलं. ब्राउझर उघडताना जुनी पानं न येता फक्त पोर्टल येईल, बंद केल्यावर तो मागं चालू राहणार नाही, हेही केलं. कोणी घातलेली कूपनची दोन एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावलेली जोडकामं, काढली. शेवटी बाहेरच्या साइटच्या कुकी बंद केल्या. कुकी ही साइटनं आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली खूण. बाहेरच्यांच्या खुणांवरून आपण कुठं कुठं फिरतो ते त्यांना कळतं.

ब्राउझर पुन्हा उघडला. पोर्टल लगेच आलं. फी भरायचं पान मात्र पांढरं राहिलं.

“घ्या,” वंदनाताई म्हणाल्या. “आता तुमीच ब्लॉक केलं.”

बाक हसला. फी भरायचं पान दुसऱ्या साइटवरून येत होतं आणि त्याला तीच कुकी लागत होती. मी फक्त पोर्टलपुरती सूट दिली. पान उघडलं.

गणपत शेंडे यांना बोलावून घेतलं. ते आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. वंदनाताईंनी प्रत्येक रकाना हातानं भरला, फोन नंबर मोठ्यानं वाचून दाखवला. शेंडे यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

“हळू वाचा, भाऊ,” वंदनाताई म्हणाल्या. “आता तं बरोबर फोनवर आला न.”

शेंडे खुर्चीवर बसले.

ऑफिसात जोशी साहेबांनी विचारलं, “फॉरमॅट झालं?”

“नाही, सर. गरज नव्हती. सेटिंग बदलल्या.”

“टिकेल?”

“टिकेल.”

शेंडे यांनी तक्रार मागं घेतली. तहसीलनं प्रकरण बंद केलं. भीमपूरच्या मशीनसाठी त्यानंतर फोन आलेला नाही. याच सेटिंग सगळ्या केंद्रांत कराव्यात, असा आदेश जोशी साहेबांनी काढला आणि गुडीहत्नूरच्या केंद्रात त्या दाखवायला माझ्यासोबत वंदनाताईंना पाठवलं.

तिथल्या ऑपरेटरनं पहिलाच प्रश्न विचारला, “ब्लॉक दाबलं तं आयडी जाईन का, ताई?”

त्याच्या मशीनवर एक साइट सूचना पाठवू का विचारत होती. वंदनाताईंनी ब्लॉक दाबलं. मग त्याला त्याची आयडी उघडायला लावली. ती चालू होती.