चित्राचा खालचा पट्टा

लाखनीच्या फ्रेमच्या दुकानात ती बाई मला एकदाच भेटली. मी एका चित्राची छापील प्रत घेऊन गेलो होतो. मूळ चित्र एकोणिसाव्या शतकातलं, अमेरिकेतल्या एका संग्रहालयातलं. समुद्राकाठची दलदल, गवताच्या गंज्या आणि वर तांबूस आभाळ. चित्रकला शिकवताना पंचवीस वर्षं मी मुलांना ते आभाळच दाखवत आलो.

तयार फ्रेम जराशी छोटी पडत होती. "खालचा पट्टा कापतो सर, नुसता काळोखच आहे," दुकानदार म्हणाला. मीही मान डोलावली.

देवाच्या फोटोची काच बदलायला आलेली ती बाई शेजारीच उभी होती. नखांत भाताच्या रोवणीचा चिखल सुकलेला. तिनं हात पदराला पुसला, वाकली, आणि कागदाला न शिवता बोट त्याच्यावर धरलं.

"कापू नोका जी. गवताच्या पुंजण्याखाली खुंट रोवले हायेत. तिथं पानी चढत असन. खुंट कापले त सारं पुंजनं पान्यात जाईन."

मी चष्मा पुसून पाहिलं. प्रत्येक गंजीखाली खरंच बारीक खुंट होते.

"ज्यानं काढलं, त्यानं आधी पुंजनं रचनाऱ्याले इचारलं असन," ती म्हणाली आणि आपला फोटो सांभाळत निघून गेली. आभार मानायचंही मला सुचलं नाही.

मी मोठी फ्रेम करवून घेतली. आता घरी आलेलं कुणी आभाळाचं कौतुक करू लागलं, की मी त्याला आधी तिच्यासारखं खाली वाकायला लावतो.