विश्वकर्मा पूजेला बंद केलेला प्रोग्राम

बाबांचा गेटपास संपला की आमच्या वरणात पाणी वाढायचं. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ते ठेकेदाराकडचे फिटर. ठेका बदलला की नवा पास निघेपर्यंत घरी. तेवढे दिवस खुर्सीपार वस्तीतल्या आमच्या एका खोलीत आईची शिलाई मशीन सकाळपासून चालायची. पास मिळून नाइट शिफ्ट लागली की अडचण वेगळी. बाबांना दिवसा झोप हवी, आईला गिऱ्हाइकाचे ब्लाउज द्यायचे. मशीन चालली की झोप मोडायची, थांबली की काम अडायचं.

एम.टेक.ला मी याच जातीच्या अडचणीवर सॉफ्टवेअर लिहिलं. मल्टिऑब्जेक्टिव्ह ऑप्टिमायझेशन म्हणतात त्याला. माझ्याकडे भट्ट्यांचं वेळापत्रक होतं: वीज कमी लागावी आणि मालही वेळेवर निघावा. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. प्रोग्राम आधी कशीही पुष्कळ वेळापत्रकं मांडायचा, चांगली निवडायचा, त्यांची सरमिसळ करून नवी पिढी काढायचा, मग तिच्यातून पुढची. शेवटी एक उत्तर नाही, निवड करता येईल अशी बरीच उत्तरं हाती यायची.

हे सगळं व्हायला घरच्या जुन्या कॉम्प्युटरला आठवडा लागायचा. निकाल थीसिसला वेळेत जोडले नाहीत तर सत्र वाया जाणार होतं, आणि शिष्यवृत्ती तर संपतच आली होती. लाइट गेली तर म्हणून यूपीएस जोडलं होतं. बाबांचा बंदोबस्त केला नव्हता.

विश्वकर्मा पूजेच्या सकाळी पाणी भरून घरात आले. बाबांचे पाने, आईची मशीन आणि माझा कॉम्प्युटर, तिघांना हळदकुंकू लावून झालं होतं. कॉम्प्युटरवर झेंडूचं फूल होतं. स्क्रीन काळी.

"बाबा, कावून बंद केलं?"

"आज मशीनले सुट्टी रायते. भिलाईत जन्मली अन् तुले मालूम नाही?"

"आठवड्याचं काम गेलं माझं!"

"जाईन कुठी? उद्या तिथूनच चालू कर."

"तसं नाही होत त्यात. पहिल्यापासून करा लागते."

"मंग कायचं कॉम्प्युटर हाय थे?" बाबा म्हणाले आणि प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली. मी रडत होते. आई म्हणाली, "खाय पहिले."

दुसऱ्या दिवशी गाइड सरांना सांगितलं. मला वाटलं, मुदत वाढवून देतील. ते म्हणाले, "लॅब में भी कल सब बंद था. भिलाई में रहती हो, और प्रोग्राम ऐसा लिखा कि रुके तो मर जाए?"

राग आला. पण बसून लिहिलं. आता प्रत्येक पिढीनंतर प्रोग्राम सगळी वेळापत्रकं फाइलमध्ये ठेवू लागला. सरमिसळ करताना चिठ्ठी काढल्यासारखे जे आकडे तो घ्यायचा, त्यांतला पुढचा कोणता, तेही. एका छोट्या उदाहरणावर तो एकदा सलग चालवला, एकदा मध्येच बंद करून. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली.

मग घरच्या कॉम्प्युटरवर अवलंबून राहायची गरजच उरली नाही. लॅबमध्ये क्लास सुरू झाला की बंद करायचा, संपला की तिथूनच पुढे. दोन-तीन मशीनवर तुकड्या-तुकड्यांनी काम चालवलं आणि निकाल मुदतीच्या आत जोडले.

थीसिस मंजूर झाला. ते सॉफ्टवेअर आज नेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे आणि आमच्या लॅबमधली नवी मुलं त्यावरच काम करतात. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, आणि पहिली एम.टेक.ही मीच.