काविळीची माळ

माझ्या वडलांचे, आबांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा त्यांनी शेजारच्या गावातनं काविळीची माळ आणली. ओल्या काड्या दोऱ्यात गाठवलेली ती माळ डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ लांबत गळ्यात येते, मग बेंबीपर्यंत. मी शाळेत विज्ञान शिकवते. "आबा, ओल्या काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, म्हणून लांबते ती!" मी लई बडबडले. आबा नुसते हसले. माळ बेंबीपर्यंत आली, डोळे मात्र तसेच पिवळे. आमच्या तेर गावाहून पुण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत महिना गेला होता. पित्ताच्या नळीचा कॅन्सर निघाला, आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती.

नळी मोकळी ठेवायला आत स्टेंट टाकला, किमो झाली, पण गाठ काही हटेना. मग डॉक्टरीणबाईंनी एक नवा उपचार सांगितला. अजून चाचणीच चालू होती, खात्री कुणी देत नव्हतं. आबांच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या.

"म्हंजी कुत्रं आपलंच, चोर तेवढा दावायचा," आबा म्हणाले. बाईंना हसू आलं.

बाकी तपासण्या जमल्या. राहिलं बिलिरुबिन, रक्तातला काविळीचा पिवळा अंश. दोन आठवड्यांत ते आणखी थोडं उतरलं, तरच आबांचं नाव चाचणीत लागणार होतं.

माझ्या जिवाला घोर लागला. आणि मी, माळेवरनं आबांना झापणारी शहाणी, रविवारी सकाळी त्याच गावात गेले आणि काविळीच्या पाल्याचा रस घेऊन आले.

"आबा, तीन दिवस उपाशीपोटी घ्या."

"तू सांगतीस?" एवढंच म्हणाले, आणि घटाघटा प्याले.

पुढच्या तपासणीत यकृताला सूज, बिलिरुबिन दुप्पट. बाईंनी विचारलं, "बाहेरचं काही घेतलं होतं का?"

मी काही बोलायच्या आत आबा बोलले, "व्हय. म्याच घेतलं. पोरीला ठावं न्हाय. ती तर रागं भरती मला."

बाईंनी त्यांना चांगलंच सुनावलं. म्हाताऱ्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत गप्प. आबांचं नाव कटलं.

परतीच्या गाडीत मला रडू आवरेना. आबा म्हणाले, "उगी. तुला शाळेत पोरांफुडं हुबं ऱ्हायचंय."

आता आबा नाहीत. त्या उपचारानं ते वाचले असते का, कुणास ठाऊक. लाज वाटते ती वेगळीच. बाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही.