रीडिंग आलेलं नाही

दिवसभर लोकांच्या हृदयाच्या रेषा बघत बसलं की किस्से आपोआप साठतात. सांगायला कोणी मिळत नाही, म्हणून आज तुम्ही सापडलात. माणगावात आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत मी, एक पंखा आणि स्क्रीन. गावोगावच्या हार्ट पेशंटना हातात मावेल एवढं ईसीजी मशीन दिलंय. सकाळी त्यावर दोन्ही अंगठे ठेवायचे, मोबाइलवरून रीडिंग माझ्याकडे येतं. नाही आलं तर मी फोन लावायचा.

*

श्रीवर्धनकडचे एक काका, सुपारीची बाग आहे त्यांची. नाडी रोज एकशे वीस! डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी तेच. शेवटी मी विचारलं, "काका, मशीन लावता कुठे?"

"टेकडीवर. खाली रेंज न्हाय ना. चढलो की लगेच लावतो, तुम्हाला उशीर नको."

मी कपाळावर हात मारला. घरी बसून अंगठे ठेवा, नंतर वर जाऊन पाठवा, हे त्यांना सांगायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

*

द्वारकामावशी पालीजवळच्या वाडीत एकट्या राहतात. एकदा अटॅक येऊन गेलेला. त्यांचं रीडिंग आपणहून कधीच यायचं नाही. मी फोन केला की अंगठे ठेवायच्या, वर काल कालवण कसलं केलं तेही सांगायच्या. एकदा मी वैतागले. "मावशी, शेजारच्या पोरीने शिकवलंय ना? मग पाठवत का नाही?"

"पाठवलं तर तू फोन कशाला करशील?"

त्यानंतर त्यांचा नंबर मी मुद्दाम सगळ्यात शेवटी लावायला लागले, म्हणजे निवांत बोलता यायचं. ड्युटी संपवून भाड्याच्या खोलीवर गेल्यावर माझ्याशी तरी कोण बोलत होतं?

*

मग वरून ऑर्डर आली, फोनमध्ये फार वेळ जातो, यापुढे कॉम्प्युटरच फोन करील. आवाज माझाच रेकॉर्ड केला. "नमस्कार. तुमचं आजचं रीडिंग आलेलं नाही. कृपया दोन्ही अंगठे मशीनवर ठेवा." साहेब म्हणाले, "सिस्टर, आता तुम्ही एकाच वेळी सगळ्यांशी बोलाल." खोटं कशाला बोलू, मला जरा भारीच वाटलं होतं.

*

चौथ्या दिवशी द्वारकामावशींना रिक्षातून आणलं. घामाने निथळत होत्या. डॉक्टर इंजेक्शन भरत होते, मी हात धरून उभी. रागावलेच मी. "मावशी, छातीत दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

त्यांनी हात सोडवून घेतला.

"तीन दिस तुलाच सांगतेय, बाय. तू ऐकतेस कुठं? आपलं एकच, अंगठे ठेवा, अंगठे ठेवा."