तुम्ही वाचा, मावशी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही पुन्हा लपणंच?

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी कॉलेजात होते. समाजसेवेचे तास भरायचे म्हणून कसबा बावड्यात दुपारी बायकांच्या साक्षरता वर्गावर शिकवायला जायचे. मुळात बुजरी, त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलता यायचं. वाचताना मात्र — अडखळायचे मी. जोडाक्षर आलं की अंदाजानं पुढं सरकायचे. हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं. पुढचा धडा घरी आईकडून वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि वर्गात पुस्तकावरून बोट फिरवत म्हणायचा. बायकांना वाटायचं, पोरगी काय झरझर वाचते.

शालनमावशी दाराजवळ बसायच्या. पन्नाशीच्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "मी आपलं जावंच्या सोबतीला आलोय. मला काय इचारू नगंस." मग मांडीवर शेंगा घेऊन सोलत राहायच्या. कुणी पुस्तक पुढं केलंच, तर चष्मा घरी राहिलेला असायचा. बायका हसायच्या — मावशींचा चष्मा कधी उंबरा ओलांडतो का? त्याही हसायच्या.

पण मी बघत होते. मी बोलत नाही, बघते. फळ्यावर अक्षर काढलं की शेंगा सोलणारा हात थांबायचा, ओठ हलायचे. एकदा सगळ्या गेल्यावर त्या फळ्यासमोर उभ्या राहून एक ओळ पुटपुटत होत्या — अगदी बरोबर. मला बघून म्हणाल्या, खडूची धूळ किती पडलीय. मी मान हलवली. न बोलताच आमचं ठरलं, मी त्यांना विचारायचं नाही. त्यांना कुणाच्या नजरेत न येता शिकायचं होतं. माझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

मग एक दिवस तपासणीला बाई आल्या. त्यांनी पुस्तक उघडलं ते मी पाठ न केलेल्या धड्यावर. म्हणाल्या, आधी तुम्ही वाचून दाखवा. त्या ओळीत काय होतं, आजही सांगता येणार नाही. मला ओळ दिसतच नव्हती.

त्या दिवशी मावशींनी पहिल्यांदा चष्मा आणला होता. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मी हसले — हो, हसले — आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही वाचा. आज तर चष्मा आहे."

सगळा वर्ग हसला. त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "वाच की आता. का काचा घरी ठिवल्यास?"

मावशींनी पुस्तक हातात घेतलं. माझ्याकडं बघितलं — रागानं नव्हे. मी काहीतरी बोलेन, सोडवेन, अशा आशेनं. मी फळा पुसायला वळले. पाठीमागून आवाज आला, "मला न्हाय येत. मी सोबतीला आलोय."

त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढच्या खेपेला तपासणीच्या बाईंनी त्यांच्याबद्दल विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? त्यांना शिकायची आवडच नाही. हे मात्र न अडखळता बोलले.

पुढं बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला — भीती झाकायला माणूस काय काय करतो आणि त्यानं प्रौढांचं शिकणं कसं अडतं. मी पानंच्या पानं लिहिली. उदाहरण म्हणून मावशींचा चष्मा दिला. स्वतःचं एक अक्षर लिहिलं नाही. चांगले मार्क पडले.

मागच्या वर्षी त्या स्टँडवर दिसल्या. त्यांच्या माहेरची, कोडोलीची गाडी समोरच लागली होती, काचेवर मोठी पाटी. मावशी वर बघतच नव्हत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या, ही कुठं जाती? कोडोलीला जाती का? कुणी थांबेना. मी दहा-बारा पावलांवर होते. ती पाटी मला वाचता येत होती. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि रसाच्या गाड्याआड सरकले.

गाडी सुटली. मावशी खालीच उभ्या होत्या.