वाटी नसलेली घंटी

भुतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार कसा? लहानपणी तंजावरच्या आमच्या गल्लीत जे एकमेव भूत प्रसिद्ध होतं, ते मीच होतो! आजोबांची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, डोक्यावरून घ्यायची, तिन्हीसांजेला गच्चीच्या कठड्याशी उभं राहायचं आणि खालून जाणाऱ्या मावश्यांना नावाने हाका मारायच्या — हा उद्योग मी दोन वर्षं अगदी नेकीने केला. त्यामुळे तुमच्या मासिकाच्या या भुताखेतांच्या सदरातले अनुभव मी नेहमी भुताच्या बाजूने वाचतो.

पण एक गोष्ट मला आजवर कोणत्याच बाजूने लावता आलेली नाही. आज ती लिहून टाकतो. आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या कावेरीचं पाणी पिऊन थोडी वाकडी झाली आहे, तेवढी सांभाळून घ्या.

बारा वर्षं झाली. आम्ही सहाजणांनी सायकलवरून पाच दिवसांची टूर काढली होती — तंजावरहून कोडियक्करैच्या समुद्रापर्यंत आणि परत. म्होरके गुंडूराव, शाळेतले ड्रिल मास्तर. झोपेतसुद्धा छाती पुढे काढून झोपायचे. माझ्या कचेरीतले तिघे. मी. आणि किट्टू — माझ्या बायकोचा, अंबूचा, एकुलता एक भाऊ. बावीस वर्षांचा, काडीसारखा. त्याच्यापेक्षा त्याची सायकल जड.

आमच्याकडे खरा पाऊस कार्तिकात. त्याच दिवसांत निघालो म्हणून अंबू दारात उभी राहून म्हणाली, "मला एकच भाऊ आहे. जसा नेता तसा आणून द्या."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही कोठे जाता? तुम्ही पाण्यावर तरंगाल."

पोटावरून बोलली. भाऊबहीण दोघंही माझ्या पोटावरून बोलायचे.

आता एक नियम सांगायला हवा, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. आमच्या कालव्यांचे बांध अरुंद. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला भाताची शेतं, मधे हातभर वाट. मागे पाहायला मान वळवली की हँडल वळतं, आणि हँडल वळलं की माणूस पाण्यात. म्हणून मास्तरांचा कायदा — मागे पाहायचं नाही, घंटीने मोजायचं. दर पुलाशी मास्तर एकदा घंटी वाजवणार. मग मागचा, मग त्याच्या मागचा. सगळ्यात शेवटच्याने मात्र दोनदा वाजवायची. दोनदा वाजली म्हणजे रांग पुरी, सगळे ठीक. मी पाचवा. शेवटचा किट्टू.

किट्टूची घंटी लाखात ओळखू यायची. तिच्या वाटीला चीर होती. आमच्या घंट्या ट्रिंग करायच्या, त्याची ठण्ण! रसमच्या पातेल्यावर डाव आपटल्यासारखी.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी सकाळी पट्टुकोट्टैला कॉफीला थांबलो, तेव्हा आभाळ काळं होऊन खाली आलं होतं. वारा सुटला होता. किट्टू म्हणाला, "भावोजी, तुम्ही पुढे असलात की मला पाऊस लागत नाही हो. केवढी भिंत!" सगळे खो खो हसले.

मी सूड घेतला. तो हात धुवायला मागे गेला तेवढ्यात त्याच्या घंटीची वाटी फिरवून काढली आणि माझ्या पिशवीत ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवली. पुलाशी गणती होईल, शेवटची घंटी वाजणार नाही, मास्तर सगळ्यांना खाली उतरवून किट्टूला कवायत करायला लावतील… मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो.

रस्त्यावर झाडं पडली होती, म्हणून कालव्याचा बांध धरला. पाच मिनिटांत वादळाने गाठलं. पाऊस आडवा. समोरच्याचं मागचं चाक तेवढं दिसायचं. कानांत फक्त वारा.

पहिला पूल आला. मास्तरांची घंटी. दुसरी. तिसरी. चौथी. मी माझी वाजवली आणि हसू दाबून वाट पाहू लागलो.

ठण्ण-ठण्ण.

माझ्या पाठीमागे, दोन हातांवर.

मी पिशवी चाचपली. टॉवेलात वाटी होती. कडक, गोल.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच थांबायला हवं होतं. हो. पण मला वाटलं, लबाडाने दुसरी पैदा केली. माझा डाव फसला, एवढंच वाटलं. आणि मागे पाहायचं नाही, हा तर कायदाच.

दुसरा पूल. ठण्ण-ठण्ण. तिसरा. ठण्ण-ठण्ण. तोवर माझी बोटं बधिर झाली होती. घंटीचा खटका दाबला की नाही, हे आवाज ऐकूनच कळायचं. मग बोटांतून ते बधिरपण वर चढत गेलं… हात, खांदे, डोकं. दुसरी वाटी असली, तरी तिला तीच चीर कशी असेल, हा विचार मला आला होता. स्पष्ट आला होता. आला तसा निघून गेला. मी पायडल मारत राहिलो.

दुपारी ओरत्तनाडूला पोचलो. मुक्ताम्बाळ छत्राच्या, म्हणजे तिथल्या जुन्या धर्मशाळेच्या, फाटकाशी मास्तरांनी शेवटची गणती घेतली. एक, दोन, तीन, चार, मी. ठण्ण-ठण्ण. मास्तर ओरडले, "शाबास! सगळे पोचले!" आम्ही उतरलो आणि पहिल्यांदा मागे वळलो.

रस्ता रिकामा होता.

छत्राचा म्हातारा राखणदार पोत्याची खोळ घेऊन बाहेर आला. जाताना आम्ही तिथेच उतरलो होतो, त्यामुळे तो आम्हाला ओळखत होता. त्याने आम्हाला बोटाने मोजलं आणि तमिळमध्ये विचारलं, "सहावा कुठे, रायर? घंटी सात वेळा ऐकली मी. पाच एकेक आणि शेवटी दोन."

दोर घेऊन आम्ही उलटे निघालो, राखणदारही बरोबर. पहिल्या पुलाच्याही पलीकडे, पट्टुकोट्टैच्या बाजूला, बांध खचला होता. म्हणजे पहिल्या गणतीच्याही आधी. खाली किट्टू होता — सायकल अंगावर, पाय तिच्यात अडकलेला, पाणी छातीपर्यंत. एका हाताने कसलंसं मूळ धरलेलं. दुसरा हात हँडलवर. अंगठा घंटीचा खटका ओढत होता. वाटी नव्हती, त्यामुळे नुसती खर्र… खर्र. दोनदा. मग थांबायचा. मग पुन्हा दोनदा. अंगठ्याची कातडी गेली होती.

दोर बांधून वर ओढला, तेव्हा त्याने मला ओळखलं.

"भावोजी, केव्हाचा वाजवतोय. ऐकू नाही आलं?"

"आलं," मी म्हणालो.

मास्तर त्याच्या हँडलकडे बघत म्हणाले, "हिची वाटी कोठे गेली?"

"पडली असेल पाण्यात," मी म्हणालो.

त्या वेळी मला काय वाटलं, असं लोक विचारतात. कारण ही गोष्ट मी लग्नाकार्यांत पन्नास वेळा सांगितली आहे — हातवारे करून, घंटीचा आवाज तोंडाने काढून. बायका पदर तोंडाला लावतात. पण खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाही. त्या जागेशी आलो की आत नुसता कापूस. आणि पन्नास वेळा सांगताना त्यातून वाटी मी वगळली.

किट्टू वाचला. पाय बरा झाला. अंबूने मला दही-भात वाढला आणि म्हणाली, "आणलात हो." अंगठ्याची कातडी परत आली, पण अंगठ्यात संवेदना आली नाही. डॉक्टर म्हणाले, नस गेली असेल.

गेल्या दीपावलीला किट्टू बायकोमुलांसह आमच्याकडे आला होता. फराळ झाला, मुलं फटाके घेऊन बाहेर गेली. मी ट्रंकेतून ती वाटी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा हातवारे न करता.

किट्टूने वाटीच्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे ती वाजू शकत नाही, हे फक्त तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि वाजली, तरी तुम्ही मागे पाहिलं नाही."

"नाही."

वाटलं, आता उठेल. उठला नाही. वाटी डाव्या तळहातावर धरली आणि दुसऱ्या हाताच्या त्या अंगठ्याने तिच्यावर दोनदा टिचकी मारली. ठण्ण-ठण्ण. स्वयंपाकघरातून अंबू म्हणाली, "काय पडलं हो?"

किट्टू माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, "ऐकू येतं, भावोजी. पण लागत नाही."

मलाही तसंच आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. ती घंटी कोणी वाजवली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. वाटी तो घेऊन गेला.